ओला फडका

पंप मिळाल्याचा फोन आला तेव्हा धम्मरत्न जेवत होता, आणि तोंडाकडे निघालेला घास मध्येच थांबला. ज्या बातमीसाठी माणूस वर्षानुवर्षं कान टवकारून बसतो, ती आली की त्यानं उठून नाचावं, निदान बायकोला हाक तरी मारावी. त्याला मात्र वाटलं, बाहेरून कुणीतरी दाराला कडी घातली. "सर, भेटला," वणीचा भंगारवाला देवसिंग फोनवर सांगत होता, "तुमच्या फियाटच्याच सालचा. काचेची वाटी शाबूत हाय, अंगावर कंपनीचा ठसा हाय. रविवारी या, अन् येताना तुमचा जुना घेऊन या." धम्मरत्न बरं म्हणाला, फोन ठेवला आणि तो घास गिळला. पाणी प्याला तरी छातीपाशी काहीतरी अडकल्यासारखं राहिलंच.

"काय झालं? तोंड काहून असं केलं?" दीपमालानं विचारलं.

"पंप मिळाला."

"मंग चांगलं झालं ना, बाप्पा!" ती तिथूनच आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडली, "मामी, आयकलं का? पंप भेटला!" कूलरच्या घरघरीवरून तिच्या सासूबाईंचा, मथुराबाईंचा आवाज आला, म्हातारा पण खणखणीत. "मंग बोरीले जायचं म्हना आता!"

बोरी म्हणजे बोरी अरब, मथुराबाईंचं माहेर. यवतमाळहून दारव्ह्याच्या रस्त्यानं फार तर तासा-दीड तासाची वाट. तिथं त्यांची धाकटी बहीण कौसल्या पडल्यापासून खाटेला खिळून होती. दोघी बहिणी मोबाइलवर एकमेकींचे चेहरे पाहून एकदमच ओरडायच्या, कुणालाच काही कळायचं नाही, आणि शेवटी दोघी रडून फोन खाली ठेवायच्या. मुलाच्या पांढऱ्या गाडीत मथुराबाई एकदाच बसल्या होत्या. बंद काचांत त्यांना गुदमरलं, आणि शहर सुटायच्या आतच गाडी थांबवावी लागली होती. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद. "जाईन तं तुया बापाच्या गाडीत जाईन. नाई तं कौसल्या तिकडे मरन, मी इकडे मरन." आणि धम्मरत्नचंही एकच उत्तर ठरलेलं, "बस माय, एकच पार्ट राहिला." हे तो इतक्या वर्षांत इतक्या वेळा म्हणाला होता की त्यातला 'एकच' झिजून गुळगुळीत झाला होता. आता तो खरोखर एकच राहिला होता, आणि तोही मिळाला होता. हत्ती गेला नि शेपूट राहिलं, असं दीपमाला म्हणायची, आणि पुढं पुस्ती जोडायची, "अन् थे शेपूट धरून तुमी बसले." आता शेपूटही हाताशी आलं. मग हे गुदमरणं कसलं, हे त्याला उमजेना. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला कारण सापडलं नाही की तो चिडतो. तो चिडून शेडकडे गेला.

शेडला शेड म्हणणं हा मोठेपणा. घराची भिंत आणि शेजाऱ्याची भिंत यांच्यामधली बोळ, वर पत्रे, पुढं लोखंडी दार. नगरपालिका दर निवडणुकीआधी समोरचा सिमेंटचा रस्ता नवा करी, म्हणजे जुन्यावर आणखी एक थर ओती, त्यामुळे रस्ता वर वर गेला आणि शेड खाली खाली. चौसष्ट सालची, पुढची दारं उलटी उघडणारी फियाट त्या खड्ड्यात गळ्यापर्यंत बसली होती. गाडीच्या एका अंगाला भिंत जवळजवळ टेकलेली, दुसऱ्या अंगाला जेमतेम एक माणूस आडवा सरकेल इतकी फट. पूर्वी तो त्या फटीतून सहज जाई. आता पोट आत ओढून, श्वास धरून सरकावं लागे, आणि सरकताना शर्टाचं एक तरी बटण दाराच्या मुठीत अडके. एप्रिलात पत्रे तापले की आत तेलाचा, जुन्या रबराचा आणि उंदरांचा असा एक दाट वास कोंडून राही. टाळेबंदीत हात रिकामे होते म्हणून त्यानं बाप गेल्यापासून गाडीवर पडलेली ताडपत्री काढली, तेव्हा त्याला वाटलं होतं की महिना-दोन महिन्यांचं काम आहे. मग कार्बुरेटरसाठी नागपूर झालं. डायनॅमोसाठी पांढरकवड्याच्या हायवेवर ट्रकांच्या रांगांमागच्या गॅरेजी पालथ्या घालून झाल्या. डिस्ट्रिब्युटर एका ट्रकवाल्यानं हैदराबादहून उसाच्या चिपाडात गुंडाळून आणला. आणि तरी ही फट, हा वास, हा श्वास धरणं सुटलं नाही. उलट कधी कधी वर्गात शिकवताना, फळ्याकडे पाठ असताना, तो उगीचच पोट आत ओढून उभा राही.

गाडी काही बंद नव्हती. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नसे. बापाच्या हातचा जुना पंप अजून पेट्रोल ओढत होता. दीपमाला एकदाच म्हणाली होती, "चालू हाय तं जाऊन या ना एकदा मामीले घेऊन. मंग बदला काय बदलाचं थे." त्यावर तो असा काही भडकला होता, की जणू तिनं त्याला उघड्या अंगानं कॉलेजात जायला सांगितलं. "तो जीपचा पंप आहे," तो म्हणाला होता. "या गाडीचा नाही." दीपमाला भाजी निवडायला निघून गेली.

जीपचा होता, हे खरंच. बापाच्या गाडीत कुठला भाग कुठून आला होता याचा हिशेब लावला तर निम्मा जिल्हा त्यात भरला असता. डायनॅमो ट्रॅक्टरचा, कार्बुरेटर अँबेसेडरचा, रेडिएटरचं झाकण वणीच्या खाणीतल्या कसल्याशा यंत्राचं. पेट्रोलची टाकी गळायला लागली की पंजाबराव अंगाला लावायचा लाल साबण ओला करून त्या भोकावर चोळत, आणि साबण धरून बसे. पंजाबराव म्हणजे धम्मरत्नचे वडील, वीज मंडळात वायरमन. गाडी मुळात त्यांची नव्हतीच. ती कापसाचं जिन चालवणाऱ्या शेठची होती. मिसरूड फुटायच्या वयात पंजाबराव जिनात लागले आणि त्यांच्याकडे ही गाडी धुण्याचं काम आलं. बाहेरून धुवायची. आतून हात लावायचा नाही, आतून ड्रायव्हर पुसायचा. एकदा जिनातल्या यंत्राचा पट्टा घेऊन दारव्ह्याला जायचं होतं तेव्हा शेठनं त्यांना गाडीतून नेलं, पण डिकीत. डिकीचं झाकण दोरीनं अर्धवट बांधलेलं, आत पट्ट्याचं भेंडोळं आणि त्यावर पाय आखडून बसलेला पंजाब. हा किस्सा पंजाबराव हसत हसत सांगत, रस्ता मागं मागं पळताना कसा दिसतो ते हातवारे करून दाखवत, आणि पोरंही हसत. पुढं जिन बंद पडलं, शेठचं कुटुंब मुंबईला गेलं आणि गाडी गोदामात कोंबड्यांच्या खाली पडून राहिली. ती पंजाबरावांनी उचलली. धम्मरत्नला तो दिवस लख्ख आठवतो. गाडी आली ती बैलांच्या जोडीमागं, दोरानं ओढत. सगळी वस्ती रस्त्यावर उतरली होती. बाप आत बसला होता, स्टेअरिंग धरून, कुठं वळवायची गरज नसताना वळवत. त्याच्या अंगावर वीज मंडळाची खाकी होती आणि तो हसत नव्हता. आयुष्यात इतका गंभीर बाप धम्मरत्ननं नंतर कधी पाहिला नाही.

ती चालू करायला वर्ष गेलं, कारण खरे भाग परवडणारे नव्हते आणि मिळणारेही नव्हते. जे मिळालं ते बसवलं. जीपचा पंप इंजिनाला नको इतका खेटून बसे. उन्हाळ्यात तो तापला की आतलं पेट्रोल उडून जाई आणि गाडी दोन आचके देऊन रस्त्यातच उभी राही. त्यावर इलाज मथुराबाईंकडे होता. त्यांची जागा पुढची, पंजाबरावांच्या शेजारची. मांडीवर पाण्यानं भरलेला तांब्या, हातात जुन्या लुगड्याचा फडका. गाडी आचके द्यायला लागली की पंजाबराव म्हणत, "मथुरा!" आणि त्या फडका पिळून, उलट्या उघडणाऱ्या दारातून खाली उतरून पुढं जात. बॉनेट उघडून फडका पंपाला गुंडाळत, वाफ निघे, फिस्स आवाज होई, आणि गाडी पुन्हा चालू. नवऱ्याला इतर कुणी गाडीला हात लावलेला चालत नसे, बायकोचा चाले. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जाताना गाडीत वस्तीतली माणसं कोंबलेली असत, कुणाची पोरं कुणाच्या मांडीवर, आणि वर्ध्याच्या पुढं त्या फडक्यासाठी गाडी थांबली की सगळे उतरून झाडाखाली भाकरी सोडत. वस्तीतल्या किती बाया या गाडीतून बाळंतपणाला गेल्या याची गणती नाही. गाडी येतेय हे तिच्या खोकल्यावरूनच कळे. खोकला ऐकला की पोरं दारं सोडून धावत.

आणि तरीही, टाळेबंदीत ताडपत्री काढल्यावर त्यानं गाडीचा आणि इंजिनाचा फोटो जुन्या गाड्यांच्या नागपूरकर शौकिनांच्या गटात टाकला, तेव्हा खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'बॉडी छान आहे. इंजिन म्हणजे भेळ.' पुढं दोन हसरे चेहरे. एवढंच. ज्यानं लिहिलं तो विसरूनही गेला असेल. धम्मरत्न विसरला नाही. स्टाफरूममध्ये कधीकाळी कुणी चहाचा कप ठेवता ठेवता 'कोट्यातले' असं काहीतरी पुटपुटलं होतं, त्याच जागी हे वाक्य जाऊन बसलं. त्यानं तेव्हाही असंच केलं होतं. तोंडातलं 'मले', 'तुले' खरवडून काढलं, 'मला', 'तुला' बसवलं, घरीसुद्धा, आईशीसुद्धा. बोलणं असं घासूनपुसून घेतलं की बोट दाखवायला जागा राहू नये. गाडीतही जागा राहू नये, असं त्यानं ठरवलं. ज्या सालची गाडी त्याच सालचा भाग, ठशासकट. तसं ठरवताना त्याला फार बरं वाटलं होतं, इतकं की आपण कशात शिरतोय हे कळलंच नाही.

रविवारी तो वणीला गेला. कोळशाचे ट्रक, रस्त्याच्या कडेच्या कडुनिंबांवर काळी धूळ, आणि गावाबाहेर देवसिंगचं भंगाराचं आवार. देवसिंगचा रिवाज होता, जुनं द्या, जुनं न्या. नुसता पैसा घेऊन तो कुणाला काही देत नसे. "भंगारवाल्याच्या घरातून नुसतं गेलं तं घर रिकामं होते, सर," असं त्याचं म्हणणं. कुठं कुठं शोधून शेवटी बहुतेक भाग त्याच्याकडेच मिळाले होते, म्हणून प्रत्येक वेळी गाडीतून निघालेला भाग धम्मरत्न त्याच्याकडे ठेवून येई. ट्रॅक्टरचा डायनॅमो तसाच गेला, अँबेसेडरचा कार्बुरेटरही. आज त्यानं पिशवीतून जीपचा पंप काढला. देवसिंगनं तो उलटासुलटा केला. एका स्क्रूच्या फटीत काहीतरी चिकटलं होतं, काळं, कडक झालेलं. त्यानं नखानं ते उपटलं. धागे होते, लुगड्याचे. उन्हात धरल्यावर त्यात थोडा हिरवा रंग दिसला. देवसिंगनं बोटं झटकली आणि धागे कोळशाच्या धुळीत पडले.

धम्मरत्नचा हात किंचित पुढं झाला होता. तो त्यानं खिशात घातला.

"हा घ्या तुमचा," देवसिंग म्हणाला. नवा, म्हणजे जुना, पंप तळहातावर थंड आणि जड होता. काचेच्या वाटीत आभाळ दिसत होतं. "आता तुमची गाडी शोरूममधून आल्यासारखी झाली म्हना. शेठमानसाची गाडी." धम्मरत्न हसला. परतीच्या वाटेवर त्यानं काचा खाली केल्या तरी हवा येईना. पंप शेजारच्या सीटवर ठेवलेला, आणि सबंध रस्ताभर त्याला वाटत राहिलं की शेजारी कुणीतरी बसलंय आणि आपण त्याचे ड्रायव्हर आहोत.

पंप बसवायला फार वेळ लागला नाही. जिथं बसायचा तिथंच तो बसला, मधला जाड वायसर ज्या जाडीचा हवा त्याच जाडीचा, कुठं ठोकावं लागलं नाही की वाकवावं लागलं नाही. किल्ली फिरवली. गाडी खोकली नाही. एक बारीक, गुळगुळीत, मऊ आवाज शेडमध्ये भरला, इतका एकसारखा की थोड्या वेळानं तो ऐकूही येईना. हाच तो आवाज, कारखान्यातून निघाला तसा. धम्मरत्न स्टेअरिंगवर हात ठेवून आनंदाची वाट पाहत बसला. बाहेर कुणाचं दार उघडलं नाही, कुणी पोर धावत आलं नाही. भिंत अगदी डाव्या कानाशी होती. दीपमाला फटीच्या तोंडाशी येऊन म्हणाली, "मामी आवाज आयकून उठून बसल्या."

"काय म्हणाली?"

"काई नाई. डोक्यावर पदर घेतला अन् बसल्या."

आनंद झाला असेल तिला, असं तो मनाशी म्हणाला, आणि इंजिन बंद केलं.

पुढच्या रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, रस्त्यापासून शेडपर्यंत फळ्या टाकून त्यानं गाडी वर काढली. शेजारचे दोघे मागून लोटायला आले होते, पण लोटावं लागलं नाही. गाडी त्याच मऊ आवाजात वर आली आणि सिमेंटवर उभी राहिली. दीपमालानं डब्यात धपाटे भरले होते. कौसल्यामावशीला फोन झाला होता आणि तिकडे तिनं सुनेकडून केस विंचरून घेतल्याची बातमीही आली होती. मग मथुराबाई बाहेर आल्या. पांढरी साडी, निळा काठ. एका हातात काठी, काखेत काहीतरी. जवळ आल्यावर त्यानं पाहिलं, पाण्यानं भरलेला तांब्या होता, आणि त्याच्या तोंडावर ओला, नीट पिळलेला फडका.

त्यानं पुढचं दार उघडलं, उलटं. "बस माय."

त्या बसल्या नाहीत. काठीच्या टोकानं त्यांनी बॉनेटकडे खूण केली. "उघड." त्यानं उघडलं. त्या वाकून पाहत राहिल्या. सगळं चकचकीत होतं, जिथलं तिथं. "पंप कुठं हाय?"

"हा काय." त्यानं काचेची वाटी दाखवली.

"फडका कुठं लपेटू?"

"आता फडका लागत नाही, माय. हा तापत नाही. बरोबर जागी बसतो ना." हे सांगताना त्याच्या आवाजात नकळत वर्गातला सूर आला, आणि तो त्याला स्वतःलाच ऐकू आला.

मथुराबाईंनी फडक्याकडे पाहिलं. "मंग मी कायले बसू?"

"कायले म्हणजे? कौसल्यामावशीकडे जायला. फिरायला. बस ना निवांत."

"मी ह्या गाडीत कधी निवांत बसली नाई." त्या इंजिनाचा आवाज ऐकत होत्या, मान थोडी कलती करून. तो चालूच होता, तसाच, कुठं न अडता. "त्या दिशी आवाज आला अन् म्या डोक्यावर पदर घेतला. जिनात आमी बाया सरकी निवडत बसो. हा आवाज फाटकापाशी आला की सगळ्या चूप होत. कोनाचं लेकरू रडत असन तं तोंडावर हात ठेवत. तुहा बाप पानी पीत असला तरी उठून उभा राहे." त्यांनी काठीनं मागं डिकीकडे दाखवलं. "ही शेठची गाडी हाय, बाबू. तुया बापाची कुठं गेली?"

दीपमाला डबा धरून दारात उभी होती. शेजारचे दोघे, कुणीतरी हाक मारल्यासारखे, एकदम निघून गेले. धम्मरत्नला काहीतरी म्हणायचं होतं. हीच ती गाडी, हीच नंबरप्लेट, हेच दार. शब्द सगळे शुद्ध, जुळलेले, ओळीत उभे होते, आणि एकही बाहेर येईना. बापानं वर्षभर खपून या गाडीतून शेठला एकेक करून बाहेर काढलं होतं. जीपचा, ट्रॅक्टरचा, खाणीतला, मिळेल तो भाग ठोकून बसवत त्याला हाकललं होतं. आणि आपण इतकी वर्षं रविवारची सुट्टी घालवून, जिल्हा पालथा घालून, त्या शेठला एकेक स्क्रूनं परत आणून बसवलं. वर ठशाची खात्री करून घेतली. आणि बापाला एकेक करून वणीच्या धुळीत ठेवून आलो. त्याला रडू आलं नाही. नुसतं त्या फटीत सरकताना यायचं तसं झालं, उघड्या रस्त्यावर, वर आभाळ असताना. त्यानं पोट आत ओढून घेतलं होतं, आणि सोडता येईना.

त्यानं आत हात घालून किल्ली फिरवली. आवाज थांबला. रस्त्यावर कुठंतरी चिमण्या होत्या, त्या ऐकू आल्या. मथुराबाई कट्ट्यावर जाऊन बसल्या, काठी शेजारी उभी केली. तांब्या मांडीवरच ठेवला.

त्यानं देवसिंगला फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली.

"देवसिंगभाऊ, तो पंप. मागच्या रविवारी ठेवून आलो तो. आहे का?"

"जीपचा? थो तं गेला, सर. पांढरकवड्याच्या एका पोट्ट्यानं नेला, जीपले लावाले. काहून? यातला खराब निंगाला का?"

"नाही. हा एकदम बरोबर आहे."

"मंग थो कायले पाहिजे तुमाले?" देवसिंग हसला. "सर, थो तुमच्या गाडीचा नवता. चुकीचा पार्ट होता थो."

"मले तोच पाहिजे," धम्मरत्न म्हणाला. "डायनॅमोबी पाहिजे. ट्रॅक्टरचा. अन् कार्बुरेटर. कोनाले देल्ले थे सांग."

देवसिंग म्हणाला, "पाहा लागन, सर. वेळ लागन." तो सांगत होता कोण कुठला, कुणाचा ट्रॅक्टर, कोणतं गाव, आणि धम्मरत्न हं हं करत होता. पुन्हा रविवार, पुन्हा गॅरेजी, पुन्हा ट्रकांच्या रांगांमागं उभं राहून चौकशी. आतापर्यंत निदान जे शोधतो त्याचं साल ठाऊक होतं. मावशीच्या विंचरलेल्या केसांची आठवण झाली आणि त्यानं कट्ट्याकडे पाहायचं टाळलं. पण दिसायचं ते दिसलंच. ऊन कट्ट्यावर आलं होतं. तांब्याच्या तोंडावरचा फडका कडेनं वाळायला लागला होता. मथुराबाईंनी तो उचलला, पाण्यात बुडवला, नीट पिळला आणि पुन्हा हातात धरून बसल्या.